बाळाने तोंड फिरवलं की

‘सहा महिने पूर्ण झाले की वरचं सुरू करा.’ अंगणवाडीच्या भिंतीवर हे रंगवलेलं असतं, आशाताई सांगते, लसीकरणाच्या दिवशी नर्सबाई सांगते. काय द्यायचं तेही बहुतेकींना पाठ असतं: मऊ भात, वरण, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ६ ते ८ महिन्यांच्या बाळांपैकी अंगावरच्या दुधासोबत काही वरचं अन्न मिळणारी बाळं फक्त ४५.९ टक्के निघाली. ६ ते २३ महिन्यांच्या मुलांत पुरेसा आहार मिळणारी तर ११.३ टक्केच होती.

गरिबी हे कारण आहेच, पण ते एकटं पुरत नाही. खाऊनपिऊन सुखी घरांतही चित्र फार वेगळं नाही. कारणं बरीच आहेत. त्यातलं एक असं आहे, ज्याबद्दल पोषणाच्या तक्त्यांवर कधी काही लिहिलेलं नसतं: भरवणाऱ्या आईला स्वतःला लहानपणी कसं भरवलं गेलं होतं? आणि ती आई एकोणीस वर्षांची असेल, तिचं बालपण मारहाणीत, उपासमारीत, स्थलांतरात गेलं असेल, तर वाटी-चमचा हातात घेतल्यावर नेमकं काय होतं?

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वस्तीवर. बीड जिल्हा, ऊसतोडीला जाणारं घर. अंगणवाडीच्या ताईंबरोबर गेले होते. लेकरू सात महिन्यांचं. आईने वाटीत वरणभात कालवला, अगदी सांगितल्यासारखा मऊ केला. तीन घास लेकराने घेतले. चौथ्याला मान वळवली. ‘खा की रं, खा.’ पुन्हा मान वळवली. मग तिने त्याचे गाल दोन बोटांत धरले आणि चमचा आत सारला. लेकराला उमासा आला, सगळं तिच्या पदरावर पडलं. तिने वाटी आदळली आणि उठून ओट्याबाहेर गेली. सासूने शांतपणे पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा फोडला, एक बिस्किट चहात बुडवलं, लेकरू चोखायला लागलं.

बाहेर ती नळापाशी उभी होती. ताई काही बोलल्या नाहीत, नुसत्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘त्यानं थुकलं की माझ्या डोस्क्यात कायतरी होतंय. आमच्यात सांडलेलं गोळा करून खायला लावायचे.’

तो एक मिनिट नीट उलगडून बघायला हवा. आधी लेकराच्या बाजूने.

सहा महिन्यांपर्यंत बाळाची जीभ तोंडात आलेली घट्ट वस्तू आपोआप बाहेर ढकलते. ही प्रतिक्रिया चार ते सहा महिन्यांत हळूहळू जाते, पण एका दिवसात नाही. म्हणून सुरुवातीला घास बाहेर येतो, तो नावडला म्हणून नव्हे, तर जिभेला अजून तो मागे न्यायची सवय नाही म्हणून. शिवाय उमासा येण्याची जागा मोठ्यांमध्ये घशाजवळ असते, तर बाळांमध्ये जिभेवर बरीच पुढे. त्यामुळे जरा मोठा गोळा आला की उमासा येतो. हा अडकण्यापासून बचाव आहे. उमाशात बाळ खोकतं, आवाज करतं, चेहरा लाल होतो. खरोखर अडकलं तर आवाज येत नाही, श्वास येत नाही. हा फरक कुठल्याही आईला कुणीतरी करून दाखवायला हवा, कारण निम्मी भीती इथेच आहे.

बाळाचं पोट किती? साधारण अंदाज असा की वजनाच्या दर किलोमागे ३० ग्रॅम. सात किलोच्या बाळाचं पोट म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आसपास, त्यातही अर्धं दुधाने भरलेलं. सुरुवातीला दोन-तीन चमचे हेच जेवण. म्हणजे त्या लेकराने तीन घास घेतले होते ते कमी नव्हते. त्याचं झालं होतं. मान वळवणं, ओठ घट्ट मिटणं, चमच्याला हाताने ढकलणं हीच त्याची भाषा. भूक असली की पुढे झुकतो, तोंड उघडतो, चमच्याकडे बघतो. या खुणा ओळखून त्याप्रमाणे थांबणं किंवा पुढे जाणं याला जागतिक आरोग्य संघटनाही महत्त्व देते. २०२३ च्या तिच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलं आहे.

आता आईच्या बाजूने. इथे मला जरा लांबून यावं लागेल, थेट अमेरिकेतल्या सॅन डिएगोमधून.

१९८० च्या दशकात तिथे व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर कायझर पर्मनेंटे या संस्थेत लठ्ठपणाचं क्लिनिक चालवत होते. त्यांना एक कोडं पडलं. ज्यांचं वजन झपाट्याने उतरत होतं, तेच लोक मध्येच उपचार सोडून जात होते. त्यांच्याशी सविस्तर बोलल्यावर अनेकांच्या बालपणात लैंगिक अत्याचार, मारहाण, घरातली दारू अशा गोष्टी निघाल्या. खाणं हा डॉक्टरांच्या दृष्टीने आजार होता, त्या लोकांच्या दृष्टीने इलाज होता. पुढे फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी मोठा अभ्यास केला, १९९८ साली त्याचा पहिला शोधनिबंध आला, आणि एकूण सतरा हजारांहून जास्त लोक त्यात सहभागी झाले. निष्कर्ष असा की बालपणातले आघात जितक्या जास्त प्रकारचे, तितकी मोठेपणी शरीराची आणि मनाची दुखणी जास्त.

हे आता बऱ्याच ठिकाणी भविष्य सांगितल्यासारखं सांगतात, त्याचा मला राग येतो. ‘तुमच्या आघातांच्या प्रकारांचा आकडा सहा, म्हणजे तुम्ही अशा होणार.’ खुद्द अँडा यांनी २०२० मध्ये लिहिलं की हा आकडा लोकसंख्येचा अभ्यास करण्यासाठी आहे, एकेका माणसाची तपासणी करायला नाही. वाईट बालपण गेलेल्या बहुतेक आया आपल्या मुलांना छळत नाहीत. पण त्यांच्या शरीराला काही गोष्टी महाग पडतात, एवढं मात्र खरं.

लहानपणी सतत धोक्यात वाढलेल्या शरीराची धोक्याची घंटा हलक्याशा धक्क्यानेही वाजते. छातीत धडधड, कान गरम, हात घट्ट. आता विचार करा, भरवणं म्हणजे काय काय? रडणं, सांडणं, थुंकणं, नकार, आणि मागे उभं राहून बघणारी सासू. ज्या मुलीला लहानपणी सांडलं म्हणून मार बसला, तिच्या शरीराला सांडणं ही घरगुती गोष्ट वाटतच नाही. आणि बाळाने मान वळवली की तिला ‘पोट भरलं’ असं ऐकू येत नाही, ‘तू नकोस’ असं ऐकू येतं.

१९७५ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या सेल्मा फ्रायबर्ग आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यात सोळा वर्षांच्या एका आईची गोष्ट आहे. ती आपल्या तान्ह्याला हात लावायचं टाळायची. दूध आणायला विसरायची आणि त्याला बाजारातलं रंगीत सरबत पाजायची. तिच्या लहानपणी तिला भरपूर मारलं होतं. मारलं हे ती अगदी तपशिलात सांगू शकत होती, पण त्या वेळी काय वाटलं होतं ते मात्र तिला आठवत नव्हतं. फ्रायबर्ग यांचं म्हणणं असं होतं की मोठं दुःख भोगलेले सगळे आईबाप ते पुढे देत नाहीत. देतात ते ज्यांना घटना आठवते पण तेव्हाची भीती, तेव्हाचं रडू आठवत नाही. ज्यांना ते रडू आठवतं, त्या म्हणतात, माझ्या लेकराला हे होऊ देणार नाही. त्या मुलीच्या घरी जाऊन, बाळ समोर असताना, तिच्याशी तिच्याच लहानपणाबद्दल बोलत राहणं हा त्यांचा उपचार होता.

नळापाशी उभी असलेली ती मुलगी मला या संदर्भात आठवते. ती उठून बाहेर गेली हे मला तेव्हा चुकल्यासारखं वाटलं होतं. आता वाटत नाही. राग वर चढत असताना वाटी खाली ठेवून, बाळ सुरक्षित हातात आहे हे बघून बाजूला होणं, यापेक्षा शहाणपणाचं त्या क्षणी काही नव्हतं. आणि ती बाहेर येऊन जे बोलली, त्यात घटना होती, त्रासही होता.

ऊसतोडीच्या घरांत आणखी एक पदर आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, राहायला पाचटाची कोपी. भल्या पहाटे फडात जावं लागतं. तान्हं लेकरू बरोबर नेतात, झोळीत टाकतात, आणि त्याच्यापाशी बसवतात आठ-नऊ वर्षांच्या बहिणीला. शाळा सुटते ती अशी. ही बहीण लेकराला काय भरवते? जे हाताशी असेल ते, आणि कशासाठी? ते गप बसावं म्हणून. रडलं तर आईला फडातून यावं लागेल, मोळ्या कमी पडतील, मुकादम बोलेल.

दहा वर्षांनी तीच मुलगी आई होते. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के अशा, ज्यांचं लग्न अठराच्या आत झालं, हाही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीतला आकडा. लोक म्हणतात, ‘पोरगी लहान आहे, तिला लेकरू सांभाळता येत नाही.’ उलट आहे. तिला येतं, पण तिला आलेलं एकच काम आहे: लेकरू गप करणं. बिस्किट, साखरेचं पाणी, पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं ही त्या कामाची अवजारं आहेत आणि ती फार चांगली चालतात. भरवणं हे त्याहून वेगळं काम आहे, हे तिने कधी पाहिलेलंच नाही. मग तिला ‘अज्ञानी’ म्हणून तक्ता वाचून दाखवण्यात काय अर्थ आहे?

इंग्लंड-अमेरिकेत कमी वयाच्या आयांबद्दल वेगळी तक्रार असते. तिथे वरचं फार लवकर सुरू होतं. ब्रिटनमध्ये २०१० च्या पाहणीत सगळ्या वयाच्या आया धरल्या तरी ३० टक्के बाळांना चार महिन्यांच्या आत घट्ट अन्न सुरू झालेलं होतं, पाच महिन्यांपर्यंत ७५ टक्के, आणि लहान वयाच्या आयांमध्ये हे प्रमाण आणखी जास्त. ‘रात्री झोपेल’ ही आशा आणि आजीचा सल्ला. आजीचाही दोष नाही, कारण २००१ पर्यंत चार ते सहा महिन्यांत सुरू करा असंच जगभर सांगत होते. आपल्याकडे गाडी उलट दिशेने अडते. उष्टावण होतं, मामा चांदीच्या वाटीतून खिरीचं बोट लावतो, फोटो निघतात, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नुसतं अंगावरचं. कोपीवर तर चूल पेटते दोनदाच. वेगळं शिजवायचं कुठे?

आणि जे दिलं जातं ते पातळ. वरणाचं वरचं पाणी, भाताची निथळ. भीती एकच, घशात अडकेल. अडकलं तर घरातल्या सगळ्यांत धाकट्या सुनेवर येणार हे तिला पक्कं माहीत असतं. पण वरच्या पाण्यात डाळ नसते. घास चमच्यावर टिकला पाहिजे, चमचा तिरका केला तरी लगेच ओघळता कामा नये, ही सोपी खूण. वरून तूप किंवा तेल अर्धा चमचा. शेंगदाण्याचं बारीक कूट वरणात मिसळलं तर फारच छान, अख्खा दाणा मात्र पाच वर्षांच्या आत नको. मध पहिलं वर्षभर नको, त्यातल्या जिवाणूंमुळे तान्ह्याला गंभीर विषबाधा होऊ शकते. मीठ-साखरेची घाई नको.

हे सगळं निकडीचं का, तर लोहामुळे. बाळ जन्माला येताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं आणि तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. आई स्वतः अजून वाढीच्या वयाची, तिच्याच अंगात रक्त कमी, बाळ कमी वजनाचं, तर साठा आणखी लवकर संपतो. २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांत रक्तक्षय असलेली मुलं ६८.९ टक्के निघाली. म्हणून अंडं, मटणाचा बारीक केलेला तुकडा, मासे हे रोजच्या आहारात हवेत असं जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या सूचना म्हणतात. घरात चालत नसेल तर डाळी, पालेभाज्या आणि त्यावर लिंबाचा थेंब. पण अंड्याची गोष्ट निघाली की मला नेहमी एक प्रश्न पडतो: ज्या घरात ती सगळ्यांच्या शेवटी जेवते, आणि तिच्या वाट्याला अंडं कधी येत नाही, तिथे ती लेकराला अंडं कुठल्या हाताने मागणार? आदिवासी भागात अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं ताजं जेवण आधी सुरू झालं, मुलांची अंडी-केळी नंतर. हा क्रम मला पटतो.

उपासमार पाहिलेल्या आईचा आणखी एक हट्ट असतो, ताट कोरं झालंच पाहिजे. अन्न टाकणं हे तिच्या लेखी पाप, आणि त्यात चुकीचं काय? फक्त तो नियम सात महिन्यांच्या बाळाला लागू होत नाही. जबरदस्तीने भरवत राहिलं की बाळ स्वतःचं पोट भरल्याची खूण ऐकेनासं होतं, किंवा वाटी दिसताच रडायला लागतं. एलिन सॅटर नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंनी यावर कामाची विभागणी करून दिली आहे. काय, कधी आणि कुठे हे आईने ठरवायचं. किती आणि खायचं की नाही हे बाळाने. घरात सुनेला काहीच ठरवायची मुभा नसते तिथे ‘निम्मं तू ठरव’ हे ऐकताना ती आधी चकित होते, असा माझा अनुभव.

मग उपाय काय? न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावात डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७७ च्या सुमारास एक प्रयोग सुरू केला. पहिलटकरीण, त्यातही किशोरवयीन, अविवाहित किंवा गरीब मुलींच्या घरी प्रशिक्षित नर्स नियमित जायच्या, गरोदरपणापासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत. पंधरा वर्षांनी पाहिलं तेव्हा या घरांत मुलांची हेळसांड आणि मारहाण बरीच कमी नोंदली गेली होती. त्या नर्स काय करायच्या? मुख्य म्हणजे यायच्या पुन्हा पुन्हा.

आपल्याकडे याचा सांगाडा तयार आहे. २०१८ पासून आशाताईंनी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जायचं असं ठरलं आहे. वहीत पाच भेटी. त्यातली सहाव्या महिन्याची भेट जर जेवणाच्या वेळेला झाली, आणि तक्ता वाचण्याऐवजी ताई एका जेवणभर नुसत्या शेजारी बसल्या, तर बरंच काही दिसतं. ‘बघ, तो पुढं झुकला. आता बघ, मान वळवली. झालं त्याचं.’ एवढंच मोठ्याने म्हणायचं. बाळाच्या हातात एक रिकामा चमचा द्यायचा, म्हणजे त्याचेही हात कामात राहतात. नवी चव आठ-दहा वेळा समोर यावी लागते, तेव्हा आज नको म्हणजे कायमचं नको नव्हे, हेही तेव्हाच सांगायचं. आणि कधीतरी, सासू पाणी आणायला गेल्यावर, विचारायचं: तुला लहानपणी कोण भरवायचं गं?

प्रत्येक वेळी उत्तर येतंच असं नाही, आणि उकरूनही काढू नये. पण आई दोन आठवड्यांहून जास्त दिवस गप्प, उदास असेल, झोप उडाली असेल, लेकराला इजा होईल असं तिला स्वतःला वाटत असेल, तर तिथे पोषणाचा प्रश्न थांबतो. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि बाळ नऊ महिन्यांचं झालं तरी पातळाशिवाय काही घेत नसेल किंवा वजनाची रेघ सपाट झाली असेल तर डॉक्टरांकडे.

त्या वस्तीवर पुढे ताई तीन-चारदा गेल्या, दोनदा मीही होते. सासूबाईंना आम्ही बिस्किटावरून एक शब्द बोललो नाही. फक्त ताईंनी एकदा त्यांनाच विचारलं, ‘आत्याबाई, तुमच्या वेळेला काय द्यायचे?’ त्या लगेच उठल्या आणि नाचणी भिजत घालून, मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व कसं काढायचं ते सांगत बसल्या. पुढच्या खेपेला डबा भरलेला होता.

शेवटच्या खेपेला लेकरू आईच्या मांडीवर बसलं होतं, आईच्याच ताटात हात घालत. भात कपाळापर्यंत.

‘आज चौथा घास नाही घेतला त्यानं,’ ती म्हणाली.

‘मग?’

‘मग मीच खाल्ला.’